संथ लाटेचा क्लब

गोव्यातल्या पेडणे तालुक्याचा समुद्र तसा लहान. उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा, आणि मधल्या पट्टीत केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ही किनाऱ्यावरची गावं. गेल्या पंधरा-एक वर्षांत या पट्टीवर लाटेवर उभं राहण्याचा खेळ रुजला. हरमलचं ‘सर्फ वाला’, आश्वे-मांद्र्याचं ‘वायू’ ही नावं आता मुंबई-पुण्याच्या मुलांना पाठ आहेत. त्यांच्या आजूबाजूला लहान क्लब, शाळा, बोर्ड भाड्यानं देणारी दुकानं उभी राहिली. अशाच एका क्लबात आणि त्याला लागून असलेल्या दुकानात मी काम करतो.

मी किनाऱ्यावरचा नव्हे. डिचोली तालुक्यातला, साखळीच्या बाजूचा. पोहायला शिकलो ते वाळवंटी नदीत. आमच्या भागात खनिज वाहणारे ट्रक हाच कित्येक घरांचा संसार होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले तेव्हा तालुक्यातली कितीतरी तरणी मुलं कामाच्या शोधात पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला उतरली. त्यांतला मी एक. ट्रकचा पत्रा ठोकणारे, फायबरचे भाग जोडणारे हात बोर्ड दुरुस्तीला लागले आणि तिथून पाण्यात गेले.

आता सिंधुदुर्गातून, रत्नागिरीतून मुलं येतात आणि विचारतात, आमच्याकडेही असा क्लब काढता येईल का? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. क्रमांक सोयीसाठी घातले आहेत. पहिला मुद्दा मात्र खरोखरच पहिला आहे.

१. आपला समुद्र कसा आहे ते आधी मान्य करा

गोव्यासमोर समुद्राचा तळ लांबवर उथळ आहे आणि किनाऱ्याकडे अगदी सावकाश चढत येतो. दूर दक्षिणेला, हिंदी महासागरात उठलेली लाट इथवर पोचते तेव्हा त्या उथळ तळावर घासून तिचं बळ ओसरलेलं असतं. ऑक्टोबर ते मे या काळात पेडण्याच्या किनाऱ्यावर लाट बहुतेक दिवशी गुडघ्याएवढी ते कमरेएवढी, क्वचित छातीएवढी. ती एकदम कोसळत नाही. कड्याला फेस धरत हळूहळू मोडते आणि बराच वेळ पुढे सरकत राहते. खाली खडक नाही, वाळू आहे.

अशा लाटेला छोटा बोर्ड लागत नाही. सहा फुटी अरुंद, टोकदार बोर्डाला उभी आणि जोरकस लाट हवी, नाहीतर तो माणसाखाली बुडतो. लाँगबोर्ड म्हणजे नऊ फूट किंवा त्याहून लांब, पुढून गोल, साधारण बावीस-तेवीस इंच रुंद. त्याच्या पोटात फोम जास्त, म्हणून तो पाण्यावर उंच तरंगतो. लाट अजून नुसती फुगवटा असते तेव्हाच तो ती पकडतो आणि ती मऊ पडली तरी सोडत नाही. जगभर १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सगळे अशाच लांब बोर्डांवर खेळत. मग छोट्या बोर्डाची लाट आली, लांब बोर्ड जुनाट ठरले, आणि पुढे काही वर्षांनी जाणत्या लोकांनी ते पुन्हा बाहेर काढले. आमच्यासारख्या किनाऱ्यांना मात्र त्यांच्याशिवाय दुसरा पर्याय कधी नव्हताच.

दर हंगामात एखादा तरुण हवाईचे व्हिडिओ पाहून येतो आणि छोटा बोर्ड मागतो. त्याला आम्ही नऊ फुटी मऊ बोर्ड देतो. तासाभरात तो उभा राहतो. हाच तरुण छोट्या बोर्डावर आठवडाभर पडत राहिला असता आणि गोव्यात लाटा नाहीत असं सांगत परत गेला असता. मुद्दा नुसत्या शिकण्याचा नाही. बोर्डांची खरेदी, शिकवायची पद्धत, दुकानात काय ठेवायचं, कोणत्या वयाची माणसं येतील, हे सगळं लाटेवरून ठरतं. संथ लाटेवर साठीतल्या बाई उभ्या राहतात आणि आठ वर्षांचं पोरही. मोठ्या लाटेच्या क्लबाला हे भाग्य नाही. आपल्या समुद्राची लाज वाटणाऱ्या माणसानं क्लब काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. खेळ कुठून आला ते ठाऊक असू द्या

हवाई बेटांवर हा खेळ शतकानुशतकं चालत आलेला. तिथला ड्यूक कहानामोकू हा १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारा जलतरणपटू. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात तो सिडनीला गेला, फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यानं लाटेवर उभं राहून दाखवलं आणि ऑस्ट्रेलियाला या खेळाचं वेड लागलं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यानं आपला बोर्ड बरोबर नेला नव्हता. तिथलंच पाइनचं लाकूड घेऊन त्यानं तो तासला, आणि परतताना तिथेच ठेवला. फ्रेशवॉटरच्या क्लबात तो अजून जपून ठेवलेला आहे.

भारतात संघटित क्लबाची सुरुवात झाली ती कर्नाटकातल्या मुल्कीला. जॅक हेबनर हे अमेरिकन संन्यासी, ज्यांना लोक ‘सर्फिंग स्वामी’ म्हणत, त्यांच्या आश्रमातून २००४ साली मंत्र सर्फ क्लब उभा राहिला. २००७ मध्ये उडुपीजवळ कोडी बेंगरे इथे शाका सर्फ क्लब निघाला. तो काढणाऱ्यांतली इशिता मालविया मुंबईची, मणिपालला शिकायला गेलेली; देशातली पहिली महिला सर्फर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. चेन्नईजवळच्या कोवलमला मूर्ती मेगवन या मच्छीमार तरुणानं आपल्या गावातल्या पोरांना लाटेवर उभं केलं. २०११ मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झालं.

गोव्यात तर साठ-सत्तरच्या दशकापासून जगभरचे लोक हरमल-हणजुण्याला येऊन राहत होते. मग क्लब इतक्या उशिरा का निघाला? मला वाटतं, आलेला पाहुणा बोर्ड घेऊन आला तरी जाताना तो बरोबर घेऊन जाई. बोर्ड पावसाळ्यात गावात राहिला, कुणाच्या तरी पडवीत आडवा ठेवला गेला, आणि पुढच्या हंगामात त्याच घरातल्या पोरानं तो खाली काढला, तेव्हा क्लब सुरू झाला. कागदावरची नोंदणी नंतरची. नवा क्लब काढणाऱ्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: पावसाळ्यात बोर्ड कुठे राहणार आणि कुणाच्या ताब्यात?

३. दुकान चालतं दुरुस्तीच्या टेबलावर

सर्फचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रंगीत टी-शर्ट आणि गॉगल येतात. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॅक ओनीलनं आपलं सर्फ शॉप काढलं तेव्हा तिथल्या थंड पाण्यासाठी त्याला रबरी पोशाख विकता आला. आमचं पाणी कोमट, इथे तो कुणाला लागत नाही. लायक्राचा अंगरखा, पायाला बांधायची दोरी म्हणजे लीश, बोर्डाखालचं पातं म्हणजे फिन, पाय घसरू नये म्हणून लावायचं वॅक्स, एवढ्यावर दुकान भरतं. वॅक्ससुद्धा उष्ण पाण्याचं, कडक जातीचं ठेवावं लागतं, नाहीतर दुपारच्या उन्हात ते बोर्डावरून ओघळतं. नवा लाँगबोर्ड विकला जातो तो वर्षाकाठी मोजकाच. बाहेरून येणाऱ्या मालावर आयातशुल्क, वाहतुकीत मोडण्याचा धोका, नऊ फुटी खोक्याला ट्रकमध्ये जागा मिळवण्याची यातायात. या सगळ्यामुळे किंमत अशी होते की स्थानिक पोराच्या हाती तो बोर्ड लागत नाही.

म्हणून टेबल. बोर्ड फुटतात. एकमेकांवर आपटतात, वाळूत नाक घुसतं, फिन उपटून निघतात. भेग केसाएवढी असली तरी तिच्यातून पाणी आत शिरतं, फोम पिवळा पडतो, बोर्ड जड होतो आणि एक दिवस वरचं आवरण फुग्यासारखं सुटतं. भेग दिसताच बोर्ड पाण्याबाहेर काढायचा, उभा करून पूर्ण सुकवायचा, खराब फोम खरवडायचा, पॉलिशपेपर मारायचा, मग फायबरचं कापड आणि रेझिन. ह्यात एक गोष्ट शिकाऊ मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो. आतला फोम कोणता आहे ते ओळखल्याशिवाय रेझिनचा डबा उघडायचा नाही. पॉलियुरेथेनच्या फोमला पॉलिएस्टर रेझिन चालतं. पांढऱ्या मणीदार ईपीएस फोमवर तेच रेझिन ओतलं तर फोम डोळ्यांदेखत विरघळतो. त्याला इपॉक्सीच लागतं.

हे काम मला पुस्तकानं शिकवलं नाही. मांद्र्यातले एक काका फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. कापड किती थरांचं घ्यायचं, हार्डनर किती घालायचं, दमट हवेत किती वेळ थांबायचं, ऊन कोणत्या तासाचं घ्यायचं, हे त्यांच्या बोटांत होतं. होडी आणि बोर्ड, दोन्हींत सामान तेच. क्लबात येणारे परदेशी कारागीर आपली हत्यारं दाखवत, आणि काका शेजारी बसून म्हणत, “ह्या आमी कधीपासून करतंव.” बोर्ड दुरुस्तीची कला किनाऱ्यावर आधीपासूनच होती. तिला फक्त नवं गिऱ्हाईक मिळालं. ज्या गावात फायबरची होडी दुरुस्त करणारा माणूस आहे, त्या गावात सर्फचं दुकान चालू शकतं. ज्या गावात तो नाही, तिथे आधी माणूस तयार करा.

दुरुस्तीच्या टेबलाभोवती माणसं बसतात हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. पाण्यात कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. बोर्ड सुकेपर्यंत मात्र वेळ असतो, आणि क्लबाचे सगळे निर्णय आमच्याकडे तिथेच झाले आहेत.

४. रापण आधी, आपण नंतर

हा मुद्दा मी कधीच पुरेसा सांगू शकणार नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर अजून रापण लागते. होडीनं लांब जाळं अर्धगोलात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन बाजूंना उभी राहिलेली माणसं ते ओढत एकत्र येतात. बांगडे, तारले, जे मिळेल त्याचे वाटे होतात. कुणीतरी जाणता माणूस आधी पाण्याचा रंग आणि पक्षी पाहून सांगतो की मासा आला आहे. तेव्हा त्या पाण्यात गडबड चालत नाही. दोर तर थेट लाटा फुटतात त्या पट्ट्यातून जातो. बोर्डाची फिन जाळ्याला लागली की जाळं फाटतं, आणि फाटलेलं जाळं म्हणजे पुऱ्या मेळाची बुडालेली कमाई.

या माणसांनी आपल्या पाण्यासाठी मोठा लढा दिलेला आहे. १९७० च्या दशकात ट्रॉलर अगदी किनाऱ्याजवळ येऊन मासे उपसू लागले तेव्हा गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे नेते त्या चळवळीतून पुढे आले आणि १९८० मध्ये गोवा, दमण व दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. ज्या पाण्यासाठी त्यांनी हे केलं, त्याच पाण्यात आपण हौसेखातर बोर्ड घेऊन उतरतो.

आमच्याकडे नियम साधा आहे. दोर वाळूवर दिसला की क्लब पाण्याबाहेर. वर्ग चालू असो, गिऱ्हाईकानं पैसे भरलेले असोत, बाहेर म्हणजे बाहेर. बोर्ड वाळूवर ठेवायचे आणि दोराला हात लावायचा. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितलं की आधी त्यांना वाटतं वेळ वाया गेला. दोर ओढून झाल्यावर त्यांच्या हातावर मूठभर तारले पडतात, आणि संध्याकाळी तेच लोक दुसऱ्या दिवशी रापण लागेल का असं विचारायला येतात. पण मी हे पाहुण्यांच्या आनंदासाठी सांगत नाही. ज्या क्लबाचा रापणकारांशी बोलाचालीचा संबंध नाही, तो क्लब त्या किनाऱ्यावर परका आहे, मग मालक त्याच गावचा का असेना.

५. पाणी कुठे ओढतं ते रोज नव्यानं पाहा

लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. वाळूच्या दोन बांधांमधल्या खोलगट जागेतून ते एका धारेत मागे फिरतं. वरून ती जागा शांत दिसते, लाट तिथे फुटत नाही, आणि नेमकं म्हणूनच नवखा माणूस पोहायला तिथे जातो. अशा जागा आश्वेला खाडीच्या तोंडाजवळ, हरमलला खडकांच्या अंगाला असतात, आणि केरी व मोरजीला तर नदीची मुखंच आहेत. ओहोटीला तेरेखोल आणि शापोरा ज्या जोरानं बाहेर पडतात, त्यापुढे चांगला पोहणाराही टिकत नाही. वाळूचे बांध मात्र जागा बदलतात. गेल्या महिन्यात सुरक्षित होतं ते आज असेलच असं नाही.

आमच्या भागातले एक रापणकार सकाळी वाळूवर उभं राहून नुसतं पाहतात आणि हात करतात, “थंय जाव नाका, पाणी ओढता.” त्या बोटाच्या दिशेला आम्ही त्या दिवशी बोर्ड नेत नाही. धारेत सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, आडवं पोहून धारेबाहेर या, दमलात तर बोर्डाला धरून तरंगत राहा आणि हात वर करा. हे आम्ही वाळूवर तोंडपाठ करून घेतो. २००८ पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक आहेत. त्यांच्या लाल झेंड्याशी वाद घालणाऱ्याला आमच्याकडे बोर्ड मिळत नाही. पणजीजवळच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचं शिक्षण मिळतं. क्लबात शिकवणाऱ्या प्रत्येकानं असं शिक्षण घेतलेलं असावं, यात मला सवलत मान्य नाही.

६. सकाळ लाटेची, दुपार वाऱ्याची

रात्री जमीन थंड होते, पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. दहा-अकराच्या सुमारास वारा फिरतो, समुद्रावरून येऊ लागतो आणि पाणी खवळतं. मग तिथे पतंगवाले, काइटसर्फर, उतरतात. मोरजी-हरमलला त्यांची मोठी जत्राच भरते. त्यांच्याशी भांडू नये. वर्ग पहाटे ठेवावा.

७. कासवांच्या किनाऱ्यावर आपण पाहुणे

मोरजी आणि मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत माद्या रात्री वर येतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे निघतात. उजेडानं ती भुलतात आणि उलट दिशेला, वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळींच्या, म्हणजे शॅकच्या दिव्यांकडे जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवांना सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे, वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालतं आणि पहारा ठेवतं.

यातून आमच्यासाठी ठरलेल्या गोष्टी अशा: संध्याकाळनंतर बोर्ड वाळूवर ठेवायचे नाहीत, कारण आडवा पडलेला नऊ फुटी बोर्ड कासवाच्या वाटेतली भिंत होतो. दुकानाचा समुद्राकडचा दिवा हंगामभर बंद. पहाटे पहिला पोचणारा माणूस वाळूवरच्या खुणा पाहतो. रांगत गेल्याची पट्टी दिसली तर कुणालाही तिथे फिरकू न देता वनखात्याच्या माणसाला कळवतो. हे काम सर्फिंगचं नाही असं म्हणणारे भेटतात. माझ्या मते किनाऱ्यावर सर्वांत लवकर उठणाऱ्या माणसांचं ते कामच आहे.

८. गावातली मुलं शिकली नाहीत तर क्लब कुणाचा?

केरळातल्या कोवळमला २००५ साली एका सामाजिक संस्थेनं क्लब काढला आणि त्याला एकच अट घातली: शाळा नाही तर सर्फिंग नाही. जो मुलगा वर्गात बसला तोच दुपारी बोर्ड उचलणार. त्याच कोवळममध्ये वाढलेल्या रमेश बुडिहाळनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं, भारताचं या स्पर्धेतलं पहिलं वैयक्तिक पदक.

आम्ही ती अट जशीच्या तशी घेतली. शनिवार-रविवारची पहिली फेरी गावातल्या मुलांची, फुकट. त्यांना शिकवताना आम्ही घरात बोलतो तसंच बोलतो. पाहुण्यांसाठीचं इंग्रजी आणि एके काळचं रशियन बाजूला ठेवतो. सगळ्यांत अवघड होतं मुलींना पाण्यात आणणं. पोहायला येत असूनही बारा-तेराव्या वर्षी त्यांचं समुद्रात जाणं बंद होतं. आम्ही आयांना बोलावलं. कपडे अंगभर, शिकवणारी बाई, वेळ सकाळची, आणि आई वाळूवर बसलेली. दोन हंगामांनी त्यातल्या काही आयाही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून बोर्ड ढकलू लागल्या. क्लबानं केलेल्या सगळ्या कामांत मला याचा सर्वांत जास्त अभिमान आहे.

डिचोलीच्या मुलांबद्दल दोन शब्द. नदीत, तळ्यात पोहलेली मुलं समुद्राला घाबरतात, पण तोल त्यांचा उत्तम असतो. मयेच्या तलावाच्या, वाळवंटीच्या काठची मुलं वर्षातून एकदा तरी किनाऱ्यावर आणावीत. गोवा एवढासा, तरी डिचोलीच्या कित्येक घरांत समुद्र हा सहलीपुरताच असतो.

९. गिऱ्हाईक बदलत राहतं

मोरजी एके काळी रशियन पाहुण्यांनी भरलेलं असे, फलकही त्यांच्या लिपीत. २०१४ च्या अखेरीला रूबल घसरला आणि त्यांची संख्या रोडावली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, किनारा ओस पडला. त्यानंतर जे आले ते मुंबईचे, पुण्याचे, बंगळुरूचे, लॅपटॉप घेऊन महिना-महिना राहणारे. सकाळी लाट, नंतर काम. लाँगबोर्डची खरी ओढ याच लोकांना लागली, कारण ते रोज येऊ शकत होते. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि पेडणे तालुका विमानतळाच्या दारातच आला. पाहुणे वाढले, जमिनीचे भावही. किनाऱ्यालगत दुकानाचं भाडं झेपणं कठीण होत चाललं आहे. भाड्याच्या जागेवर उभा असलेला क्लब फार काळ टिकत नाही; एखाद्या सभासदाच्या अंगणात, पडवीत, आत गावात हललेला टिकतो. वाळूवरून पाच मिनिटं चालायला काही हरकत नाही.

१०. पावसाळा सुट्टीचा नव्हे

मेअखेर शॅक काढावे लागतात, जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते, आणि किनाऱ्यावर लाल झेंडे लागतात. समुद्र तेव्हा आपला नसतो. हे चार महिने बोर्ड दुरुस्तीचे, हिशेबाचे, मुलांना तळ्यात पोहायला शिकवण्याचे. बोर्ड जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता, हवा खेळेल अशा जागी ठेवावेत. पत्र्याखालच्या बंद खोलीत ते उष्णतेनं फुगतात. हंगामातही सावध असावं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी वादळ कितीतरी दूर समुद्रात होतं, आकाश इथे तसं बरं होतं, पण पौर्णिमेच्या भरतीला पाणी वर चढलं आणि पेडण्यातल्या शॅकमध्ये शिरलं. तेव्हापासून अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री आमचा एकही बोर्ड वाळूवर नसतो.

११. पदकाच्या मोजपट्टीनं क्लब मोजू नका

सर्फिंग टोकिओपासून ऑलिम्पिकमध्ये आलं, पण टोकिओला आणि पॅरिसला दोन्ही वेळा ते छोट्या बोर्डाचंच होतं. मोठ्या लाटेच्या किनाऱ्यांवरची मुलं तिथवर जातील, जावीत. पेडण्याची लाट त्यांना घडवण्यासाठी नाही. इथे क्लबाची कमाई वेगळी आहे: पाण्याची भीती गेलेली मुलं, रापणकारांच्या शेजारी उभे राहणारे पाहुणे, खाण बंद पडल्यावर हाताला लागलेलं दुसरं काम.

शेवटी एक विनंती. मुंबई-पुण्यात हौसेनं बोर्ड घेतलेले पुष्कळ लोक आहेत, आणि बदली झाली, लग्न झालं की तो बोर्ड गॅलरीत उभा राहतो. तुमच्याकडे असा एखादा असेल तर तो किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावातल्या क्लबाला द्या, पेडण्यातल्या किंवा तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गातल्या. लांब बोर्ड असेल तर फारच उत्तम. फुटलेला असला तरी चालेल, दुरुस्त आम्ही करू.